दधीचींच्या अस्थी आणि जवानाचा बूट

(पांढरकवडा येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी दूरध्वनीवर व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी ‘जवानाचा बूट’ असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर कोणी बोलेना. मग त्यांनी अतिशय नम्रपणे सुचवले, “सीमेवरील जवानाचे शौर्य, असे म्हणू या का?” त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. शौर्यावर व्याख्याने पुष्कळ होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण त्या शौर्याच्या पायात काय असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज तोच करण्याचा माझा मानस आहे.

आधी एक कबुली देतो. मी कला शाखेचा पदवीधर. वाङ्मय आणि इतिहास शिकलो आणि आयुष्यभर वृत्तपत्रात लिहीत राहिलो. अभियंता नाही, वैद्यही नाही. तेव्हा समीकरणे मांडण्याचा माझा अधिकार नाही. वाचून, विचारून जे समजले ते तुमच्यापुढे ठेवणार आहे.

या विषयाकडे मी वळलो तो याच तालुक्यामुळे. काही वर्षांपूर्वी कापसावर वृत्तमाला लिहिण्यासाठी केळापूर तालुक्यातील खेड्यांतून हिंडत होतो. एका वावरात पन्नाशीचे एक गृहस्थ पऱ्हाटीच्या तासांतून डवरा हाकत होते. चाल किंचित लंगडी. धुऱ्यावर बसून आम्ही चहा घेतला, तेव्हा त्यांच्या विजारीचा पाय वर सरकला आणि गुडघ्याखालचा कृत्रिम पाय दिसला. सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. काश्मीरमध्ये गस्तीवर असताना भूसुरुंगावर पाय पडला होता. मी सहानुभूतीचे काही बोलू लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवले. म्हणाले, “पाय गेला तो गेला. गुडघा वाचला ना भाऊ, म्हणून वावर वाचलं.”

ते वाक्य मी वहीत टिपून घेतले. पण त्याचा पूर्ण अर्थ मला त्या दिवशी कळला नव्हता. तो कळायला बरेच वाचावे लागले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्याचे विवरण आहे.

जमिनीत दडलेला शत्रू

स्वतंत्र भारताच्या पहिल्याच युद्धात सुरुंगांशी झालेल्या झुंजीत एक नाव अमर झाले. मुंबई सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, मूळचे कारवारकडील चेंडिया गावचे. एप्रिल १९४८ मध्ये आपले सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले होते. वाटेवर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे आडवी पाडली होती. ८ एप्रिलला मोर्टारच्या माऱ्यात राणे यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले, ते स्वतःही जखमी झाले. तरीही ११ एप्रिलपर्यंत ते आणि त्यांचे सहकारी सुरुंग काढत, वाट मोकळी करत राहिले. रणगाड्याच्या खाली राहून, त्याच्याबरोबर सरपटत, दोरीच्या खुणेने चालकाला ‘थांब’ आणि ‘चल’ सांगत त्यांनी वाट काढली. या पराक्रमासाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले, आणि ते छातीवर मिरवण्यासाठी ते जिवंत राहिले. १९९४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या पदकाकडे आपल्याला शेवटी पुन्हा यायचे आहे.

१९७१ च्या युद्धात सिल्हेटच्या आघाडीवर गुरखा रायफल्सचे मेजर इयान कार्डोझो यांचा पाय सुरुंगावर पडला. मूळचे मुंबईचे हे अधिकारी. जवळ शस्त्रवैद्य नव्हता, औषध नव्हते. चिंधड्या झालेला आपला पाय त्यांनी खुकरीने स्वतःच कापून टाकला. पुढे कृत्रिम पायावर उभे राहून त्यांनी पायदळाची पलटण हाताळली, ब्रिगेड हाताळली आणि मेजर जनरल पदापर्यंत ते पोहोचले. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झाले. पश्चिम सीमेवर मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले आणि पुढे काढले गेले. त्या कामात, प्रत्यक्ष युद्ध न होताही, आपल्या कितीतरी जवानांनी प्राण आणि पाय गमावले.

पायदळाविरुद्धचा सुरुंग दिसायला किती क्षुद्र असतो! ‘एम-१४’ जातीचा सुरुंग तळहातावर मावतो. वजन सुमारे १०० ग्रॅम, त्यातील स्फोटक अवघे २९ ग्रॅम. त्याचा हेतू सैनिकाला मारणे हा नसतो, त्याला पांगळे करणे हा असतो. एक जवान मृत झाला तर एक कमी होतो. एक जखमी झाला तर त्याला उचलून नेण्यात आणखी तिघे-चौघे गुंततात. असे हे निर्दय गणित आहे.

१९९७ च्या ओटावा कराराने असे सुरुंग पूर्णपणे वर्ज्य ठरवले. भारत त्या करारात सहभागी नाही. लांबच लांब सीमांच्या रक्षणासाठी ते आवश्यक आहेत, अशी आपली भूमिका आहे. मात्र सुरुंगांच्या वापरावर मर्यादा घालणारा १९९६ चा सुधारित शिष्टाचार भारताने स्वीकारलेला आहे. पुण्यातील एआरडीई आणि एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळांनी उद्योगांच्या साह्याने विकसित केलेला ‘निपुण’ हा नवा सुरुंग ऑगस्ट २०२२ मध्ये सेनेच्या स्वाधीन झाला. या धोरणाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे आहेत; आज मी त्या वादात शिरत नाही. माझे म्हणणे एवढेच की, जो देश सुरुंग बाळगतो आणि ज्याच्या जवानांना सुरुंगांवरून चालावे लागते, त्या देशाला पाय कसा वाचवायचा हेही तितक्याच बारकाईने माहीत असले पाहिजे.

एक सहस्रांश सेकंद

पायाखाली सुरुंग फुटतो तेव्हा काय होते? पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या शंभराव्या हिश्श्यात मुख्य अनर्थ घडून गेलेला असतो. स्फोटाची आघातलहर तळव्यातून वर शिरते. टाचेचे हाड, जे उभ्या आयुष्यात आपला भार वाहते, त्याचा चुरा होतो. पाय जागचा हलण्याच्या आतच हे घडते. त्यामागोमाग तप्त वायू आणि माती वर उसळते. मांसपेशी हाडापासून सुटून छत्रीसारख्या उलट्या वर उघडल्या जातात आणि पुन्हा खाली पडतात. त्या पोकळीत माती, गवत, बुटाच्या चिंध्या जाऊन बसतात. बाहेरून जखम घोट्याशी दिसते. आत घाण मात्र पोटरीपर्यंत चढलेली असते. म्हणून शस्त्रवैद्याला दिसते त्याहून बरेच वर कापावे लागते.

हवालदारांच्या वाक्याचे मर्म नेमके येथे आहे. पाय गुडघ्याखाली कापला तर कृत्रिम पायावर चालताना माणसाला नेहमीपेक्षा साधारण पावपट अधिक शक्ती खर्च करावी लागते. गुडघ्याच्या वर कापला तर हाच अधिकचा खर्च निम्म्याहून पुष्कळ पुढे जातो. आपल्याकडच्या जीवनात तर फरक आणखी मोठा. आपण मांडी घालून जेवतो, उकिडवे बसून निंदतो, वाकून कापूस वेचतो, ढेकळांतून चालतो. शहरात खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा गुडघा गेला तर त्याचे काम कदाचित टिकेल. शेतकऱ्याच्या मुलाचा गुडघा गेला तर वावर ठोक्याने द्यावे लागते.

म्हणजे चांगल्या बुटाचा हेतू दर वेळी पाऊल वाचवणे हा नसतो. पुष्कळदा तो साधत नाही. पण आघात आणि घाण चार बोटे खाली रोखता आली, गुडघ्याखाली चांगले मांस राखता आले, तर एका कुटुंबाचे भवितव्य बदलते. ‘गुडघा वाचला म्हणून वावर वाचलं’ या उद्गारात बूट-संशोधनाचे सगळे उद्दिष्ट सामावलेले आहे.

विटांचा पाय

मग एक चांगला जाड बूट करावा, संपले. त्यात संगणकाचे काय काम? मलाही प्रथम असेच वाटले होते.

अडचण अशी की, जिवंत माणसावर हा प्रयोग करता येत नाही. जे घडते ते इतके वेगवान असते की डोळ्यांना दिसत नाही आणि जे उरते ते इतके विस्कटलेले असते की घटनेचा क्रम त्यावरून उलगडत नाही. आधी टाच फुटली की आधी नडगी? तळव्याचा कोणता थर उपयोगी पडला? रुग्णालयात पोहोचलेला पाय ही उत्तरे देऊ शकत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ संगणकात एक पाय रचतात. गवंडी जसा एकेक वीट ठेवून भिंत उभारतो, तसे सीटी स्कॅनच्या चित्रांवरून हाडे, कूर्चा, अस्थिबंध, टाचेखालची चरबीची गादी, मांस आणि त्वचा असे सर्व काही लक्षावधी लहान लहान तुकड्यांनी रचायचे. याला ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत म्हणतात. प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वभाव सांगायचा: तू हाड आहेस, इतका ताण आला की तडकशील, तू चरबी आहेस, दबशील आणि पुन्हा फुगशील. मग खालून स्फोट ‘घडवायचा’. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला किती ढकलतो याचा हिशेब संगणक सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही लहान अशा एकेका पावलाने करत जातो. प्रत्यक्षात काही सहस्रांश सेकंदांत संपणाऱ्या घटनेसाठी त्याला कित्येक तास गणित करावे लागते. पण शेवटी हाती येते ती त्या घटनेची संथ चित्रमालिका, जी हवी तितक्या वेळा मागेपुढे फिरवून पाहता येते.

यातील ‘स्वभाव सांगणे’ हा भाग सर्वांत कठीण. विहिरीत उडी मारणाऱ्या मुलांना हे पुस्तकाविना ठाऊक असते. पाण्यात हळूच शिरले तर पाणी वाट देते. उंचावरून पोटावर आदळले तर तेच पाणी फरशीसारखे लागते. हाडाचेही असेच आहे. भार सावकाश आला तर ते किंचित वाकते. झटक्याने आला तर ताठ आणि ठिसूळ वागते. दवाखान्यात मोजलेली हाडाची ताकद स्फोटाच्या हिशेबात जशीच्या तशी वापरली तर संगणक पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देईल.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोह पडावा अशी एक गोष्ट येथे आहे. या प्रकारच्या गणितासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालीचा उगम १९७६ साली अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत झाला. जॉन हॉलक्विस्ट यांनी ती लिहिली ती कमी उंचीवरून टाकलेला बॉम्ब जमिनीवर आदळला तर त्याचे काय होते हे पाहण्यासाठी. पुढे तीच प्रणाली मोटारींच्या अपघातातून माणसे वाचवण्यासाठी वापरली गेली आणि मग सैनिकाच्या पायासाठी. विद्या एकच असते. ती कोणत्या हेतूने हाती घेतली, यावर तिचे फळ ठरते.

बुटाच्या मर्यादा

संगणकातील पायाला वेगवेगळे बूट घालून पाहता येतात. पन्नास नमुने शिवून पन्नास स्फोट करण्यापेक्षा पन्नास नमुने गणितात तपासावेत आणि त्यांतले दोन-तीनच प्रत्यक्षात आजमावावेत. अशा अभ्यासातून काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. पहिली म्हणजे अंतर. स्फोटक आणि तळवा यांच्यातील थोडेसे अंतरही आघात झपाट्याने कमी करते. दुसरी, तळव्यातील थर. मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना असलेला धातूचा थर स्वतः चुरगळून आघात खातो, अरामिडसारख्या चिवट धाग्यांचे थर फाटण्यास विरोध करतात. तिसरी, आकार. तळव्याचा खालचा भाग पाचरीसारखा असेल तर वायू आणि माती काही प्रमाणात बाजूंना वळवता येते.

मग सगळेच थर घालून भक्कम बूट का करू नये? कारण जवानाला त्यात चालायचे आहे. पायाला बांधलेले एक किलो वजन पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतके दमवते, असे सैनिकांवरील प्रयोगांत आढळले आहे. कॅनडात सुरुंग काढणाऱ्यांसाठी ‘स्पायडर बूट’ तयार झाला. त्याला कोळ्यासारखे चार पाय असतात, त्यामुळे पाऊल जमिनीपासून वर राहते आणि स्फोट टाचेच्या थेट खाली होत नाही. संथपणे, एकेक पाऊल टाकत सुरुंग काढणाऱ्याला तो उपयोगी. पण तो घालून डोंगर चढता येणार नाही, शत्रूवर धावून जाता येणार नाही. थकलेला जवान सावधपणा गमावतो. ज्या बुटाने तो थकतो तोच त्याला सुरुंगावर नेऊ शकतो.

आणखी एक धोका मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला घोषणा फार आवडतात. ‘सुरुंगरोधक बूट’ हा शब्द उच्चारताच लोकांना वाटते, आता पाय सुरक्षित. तसे नाही. मोठ्या सुरुंगापुढे कोणताही बूट पुरा पडत नाही. खोटा विश्वास देणारा बूट अनवाणी पायापेक्षा घातक ठरू शकतो. जे संशोधन आपल्या मर्यादा स्वच्छपणे सांगते, तेच जवानाशी प्रामाणिक असते.

गडचिरोलीचा रस्ता

सीमा दूर आहे, असे कोणाला वाटत असेल तर येथून वणी-चंद्रपूरमार्गे काही तासांत पोहोचता येईल अशा गडचिरोलीकडे पाहा. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली. तिकडे खाजगी वाहनाने निघालेल्या पोलिसांच्या शीघ्र कृती पथकाखाली जांभूरखेडा परिसरात सुरुंग फोडण्यात आला. १५ पोलीस आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. त्यांत आपल्या विदर्भातील तरुण मोठ्या संख्येने होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. समाधानाची गोष्ट आहे. पण माणूस शरण येतो. जमिनीत पुरलेला सुरुंग शरण येत नाही. तो कुठे पुरला हे माहीत असलेला माणूस उरला नाही तरी तो तेथेच राहतो आणि उद्या तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाईची किंवा चरणाऱ्या गाईची वाट पाहतो.

वाहनाखालचा स्फोट हा वेगळा प्रकार आहे. तेथे वायू पायाला थेट भिडत नाही. वाहनाचा तळ झटक्याने वर उसळतो आणि पायांवर आदळतो. दुसऱ्या महायुद्धात सागरी सुरुंगांनी जहाजांचे डेक असेच उसळत आणि खलाशांच्या टाचा मोडत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०११ साली स्फोटजन्य दुखापतींच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. अभियंते आणि लष्करी शस्त्रवैद्य तेथे एकत्र बसतात. वाहनाच्या तळासारखी पोलादी पट्टी हवेच्या दाबाने वर उसळवणारे यंत्र त्यांनी बनवले आहे आणि संगणकातील पायाचे उत्तर त्यावर पडताळून पाहिले जाते. अशा स्फोटात सापडलेल्यांच्या नोंदींतून एक गोष्ट पुढे आली. टाचेचे हाड चुरले असेल तर पाय तात्पुरता वाचला तरी पुढे कापावा लागण्याची शक्यता फार वाढते. येथे मात्र योग्य तळव्याचा बूट आणि वाहनातील योग्य पायपट्टी यांचा उपयोग पायी चालणाऱ्या जवानापेक्षा कितीतरी अधिक होतो.

पाय कोणाचा?

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. वाहनाची स्फोटचाचणी करताना आत बाहुला बसवतात. ‘हायब्रिड-३’ नावाचा हा बाहुला मुळात मोटारींच्या अपघातांसाठी बनला. त्याच्या नडगीवर ५.४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण साडेपाचशे किलो वजनाइतका भार येईपर्यंत मर्यादा पाळली गेली, असे ‘नाटो’ देशांच्या मानकात धरले जाई. पुढे माणसाच्या पायाशी अधिक जुळणारा ‘मिल-एलएक्स’ नावाचा पाय तयार झाला. त्याच्यासाठी मर्यादा ठरली २.६ किलोन्यूटन. स्फोट तोच, धोकाही तोच. पण मोजणारा पाय बदलला, मोजण्याची जागा बदलली आणि आकडा निम्म्यावर आला.

म्हणून विचारायला हवे, की पाय कोणाचा? तो बाहुला १७५ सेंटिमीटर उंच आणि ७८ किलो वजनाचा आहे. सरासरी अमेरिकी पुरुषाचे ते माप. जगात प्रचलित असलेले संगणकीय मानवी नमुनेही बहुतांशी त्याच मापावर बेतलेले असतात. गढवाली, गुरखा, मराठा, महार रेजिमेंटच्या जवानाचा पाय त्या मापाचा आहे का? लहानपणी अनवाणी वाढलेल्याचा पंजा रुंद असतो, बोटे पसरलेली असतात. हाडाची जाडी, टाचेखालची गादी, सर्वच निराळे असू शकते. आता सैन्यात आणि पोलिसांत भगिनीही मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा पाय कोणत्या नमुन्यात आहे? येथे स्वदेशीचा आग्रह केवळ अभिमानाचा राहत नाही, तो अचूकतेचा होतो. परक्या पायाच्या मापाने शिवलेला बूट आपल्या जवानाचे रक्षण पुरेसे करील, असे धरून चालता येत नाही.

गणन करण्याची शक्ती आपल्याकडे नाही असेही नाही. अमेरिकेने महासंगणक नाकारला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्या कार्याचे नेतृत्व केलेले डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरांब्याचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडचेच. संगणक आहेत, अभियंते आहेत. गरज आहे ती आपल्या माणसांच्या हाडांविषयीच्या खऱ्या, मोजलेल्या, जपून ठेवलेल्या माहितीची. ती पैशाने विकत मिळत नाही. ती कोणीतरी द्यावी लागते.

दधीचींना विचारले होते

संगणकातील पाय खरा आहे की नाही, हे शेवटी खऱ्या हाडावरच ताडून पाहावे लागते. जगातील या सर्व संशोधनाच्या मुळाशी मृत्यूनंतर आपला देह ज्ञानासाठी देणारी अनाम माणसे आहेत. त्यांची नावे शोधनिबंधांत नसतात. वय आणि वजन एवढीच त्यांची ओळख उरते.

हे वाचताना मला दधीची ऋषींची कथा आठवली. वृत्रासुराच्या वधासाठी देवांना शस्त्र हवे होते. दधीचींनी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांचे वज्र झाले. परमवीर चक्राचे रेखाटन करताना सावित्रीबाई खानोलकरांनी हेच वज्र निवडले. जन्माने त्या युरोपीय; विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून भारताच्या झाल्या आणि येथील पुराणे त्यांनी आपलीशी केली. परमवीर चक्रावर मध्यभागी राजमुद्रा आणि भोवती चार वज्रे आहेत. सुरुंग काढणाऱ्या रामा राघोबा राणे यांच्या छातीवर शोभलेले पदक ते हेच. दधीचींच्या अस्थींचे शस्त्र झाले, हे आपण जाणतो. त्याच अस्थींचे कवचही होऊ शकते, हे या काळाने आपल्याला दाखवले आहे.

पण कथेतील एक तपशील आपण विसरतो. देव दधीचींकडे गेले, त्यांनी विचारले आणि दधीचींनी होकार दिला. अस्थी चोरून नेल्या नव्हत्या. २०१६ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने उघडकीस आणले की, अमेरिकेत दान केलेले काही देह दात्यांच्या किंवा कुटुंबीयांच्या संमतीविना लष्करी स्फोटचाचण्यांसाठी वापरले गेले. काही कुटुंबांची समजूत अशी होती की, आपल्या आप्ताचा देह वैद्यकीय संशोधनासाठी गेला आहे. हेतू सैनिकांचे प्राण वाचवण्याचा असेल. तरी ज्या दानात दात्याला विचारलेले नाही ते दान नव्हे, ते हरण आहे. आपण हे काम उभारू तेव्हा ही मर्यादा पहिल्या दिवसापासून पाळली पाहिजे. देहाचा उपयोग कशासाठी होईल हे संमतिपत्रात साध्या मराठीत लिहिलेले असावे आणि नकार देणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये. जवानासाठी असले म्हणून असत्य पवित्र होत नाही.

आपण काय करू शकतो

तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळा पुण्यात, सीमा काश्मिरात. पांढरकवड्याने काय करावे?

पहिली गोष्ट देहदानाचा विचार. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांत देहदान स्वीकारले जाते. तेथे दिलेला देह मुख्यतः वैद्यकीय शिक्षणासाठी वापरला जातो, स्फोटाच्या चाचणीसाठी नव्हे, हे मी स्पष्ट सांगतो. पण जखमी पाय हाताळणारा शस्त्रवैद्य त्याच शवविच्छेदनाच्या मेजावर घडतो. हा निर्णय घरात सर्वांशी बोलून, शांतपणे घ्यावा. भाषण ऐकून आजच्या आज हात वर करण्याचा हा विषय नाही.

दुसरी गोष्ट नोंदींची. आपल्या गावातील दिव्यांग माजी सैनिक, पोलीस यांच्या सत्काराला आपण शाल-श्रीफळ देतो. त्यांना कधी विचारतो का, की पाय कुठे पडला होता, बूट कोणता होता, जखम कशी होती, शस्त्रक्रिया किती झाल्या, कृत्रिम पाय कुठे खुपतो? पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आणि खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट त्याच्याही आधीपासून, १९१७ पासून, अशा सैनिकांची सेवा करत आली आहे. घायाळ झाल्यानंतरची सेवा आपल्याला जमते. घायाळ होण्याआधीच्या सेवेसाठी या माणसांचा अनुभव हाच पहिला ग्रंथ आहे.

तिसरी गोष्ट समोर बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. तुमच्यापैकी जे अभियांत्रिकीला जातील त्यांच्यापुढे मोठ्या वेतनाच्या वाटा असतील, त्या अवश्य घ्या. पण तुमच्यापैकी एखाद्याने यंत्रशास्त्र आणि शरीरशास्त्र यांच्या सीमेवरची ही वाट धरली, भारतीय पायाची एक अचूक प्रतिकृती संगणकात रचली, तर त्याच्या हातून होणारी देशसेवा कोणाच्या लक्षातही येणार नाही. तिला पदक मिळणार नाही. तिचे यश म्हणजे न घडलेली एक शस्त्रक्रिया, न कापलेला एक गुडघा. जे घडलेच नाही त्याची बातमी होत नाही, हे एक पत्रकार म्हणून मी तुम्हाला खात्रीने सांगतो.

येथे येण्यापूर्वी आज सकाळी मी त्या हवालदारांना भेटून आलो. आता वयोमानाने थकले आहेत. डवरा मुलगा हाकतो. आजचा विषय सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवत म्हणाले, “पोरायले चांगला बूट मिळाला पाह्यजे. बाकी काही नाही.”

‘बाकी काही नाही’ हे शब्द मी येताना वाटभर घोळवत होतो. ज्याने पाय दिला त्याची मागणी एवढीच आहे, आणि तीही स्वतःसाठी नाही. पंधरा ऑगस्टला ध्वजाकडे पाहताना आपली नजर वर जाते, ते योग्यच आहे. त्याच वेळी एकदा खाली, ध्वजाला मानवंदना देणाऱ्याच्या पायांकडेही पाहावे, इतकी विनंती करून मी माझे बोलणे थांबवतो.